हाली, कलदार आणि स्टीम वॉलेट : मुखेडमधून गेमचे पैसे भरायचे कसे?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे "म्हणजे", "तर" आणि "बरं का" जरा जास्त झाले होते ते काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय व्हिडिओ गेमच्या किमतीचा. गेम खेळत नसाल तरी थांबा, कारण प्रश्न गेमपेक्षा जुना आहे. एखादी वस्तू दूरच्या देशात बनते, तिची किंमत तिथल्या पगारावर ठरते, आणि ती मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात येते. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, इथल्या माणसाला परवडेल अशी किंमत तिला आहे का? दुसरी, पैसे असले तरी ते पोचवायची वाट आहे का? मी यांना "दर" आणि "वाट" म्हणतो. पूर्ण भागात हे दोन शब्द लक्षात ठेवा.

मी मुखेडचा. नांदेडला बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पेमेंटचं बटण दाबल्यावर मागे काय चालतं हे रोजच्या कामातून थोडंफार कळतं. पण आजची गोष्ट कोडपासून नाही, आपल्याच भागातल्या नाण्यांपासून सुरू करतो.

दोन रुपये असलेला मुलूख

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मुखेड, नांदेड, लातूर हा सगळा पट्टा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची टपाल तिकिटं वेगळी होती आणि चलनही वेगळं होतं. संस्थानाच्या रुपयाला "हाली" किंवा "हाली सिक्का" म्हणायचे आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला "कलदार". दोन्ही रुपयेच, पण एक नव्हेत. साधारण हिशेब असा, की सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार.

आता कल्पना करा. पुण्यात किंवा मुंबईत छापलेल्या एका मराठी पुस्तकावर किंमत आहे तीन रुपये. ते तीन रुपये कलदार. मराठवाड्यातल्या वाचकाला त्यासाठी साडेतीन हाली रुपये मोजावे लागणार. भाषा तीच, पुस्तक तेच, पण सीमेच्या अलीकडे हिशेब वेगळा. शिवाय ते कलदार मिळवायचे कुठून आणि पाठवायचे कसे, हा प्रश्न वेगळाच.

संस्थानाचं चलन सांभाळायला १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. पुढे तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. आपल्याकडे तालुक्यातालुक्यात जिला नुसतं "एसबीएच" म्हणायचे, तीच ही. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षं हाली आणि भारतीय रुपया बरोबरीने चालले आणि १९५९ मध्ये हाली पूर्णपणे रद्द झाला.

हे आधी सांगितलं, कारण "माझ्या खिशातला पैसा त्या दुकानात चालत नाही" हा अनुभव मराठवाड्याला इंटरनेटने दिलेला नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने घेतलेला आहे. २०१३ मध्ये डॉलरच्या दुकानापुढे बसलेला तालुक्यातला पोरगा त्याच रांगेत शेवटी उभा होता.

पोस्टमनच्या हातात पैसे

वाटेचा प्रश्न ब्रिटिश हिंदुस्थानात आधी टपालखात्याने सोडवला. १८७७ मध्ये व्ही.पी.पी. सुरू झाली आणि १८८० मध्ये पोस्टाची मनीऑर्डर. व्ही.पी.पी. नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. तुम्ही दुकानदाराला पत्र टाकायचं, तो पार्सल पाठवणार, पोस्टमन दारात येणार, तुम्ही त्याला रोख पैसे देणार आणि ते पैसे पोस्ट दुकानदाराला पोचवणार. आजचं कॅश ऑन डिलिव्हरी दुसरं काय आहे?

यात हुशारी अशी, की गिऱ्हाइकाचं बँकेत खातं लागत नव्हतं. दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखतही नव्हते, पण दोघेही पोस्टाला ओळखत होते. विश्वास मधल्या माणसाकडे. मराठी पुस्तकं, पंचांगं, औषधं, बी-बियाणं, कितीतरी गोष्टी या वाटेने खेड्यात पोचल्या.

भारतीय आवृत्ती

आता दराकडे येऊ. कुठल्याही इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला विचारा, प्रादेशिक किमतीचं उदाहरण त्याच्या कपाटात असतं. प्रेंटिस-हॉल ऑफ इंडियाच्या "ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन"ची पुस्तकं. ही कंपनी १९६३ पासूनची. अमेरिकन लेखकाचं तेच पुस्तक, तेच धडे, तीच गणितं, पण कागद साधा, कव्हर पातळ आणि किंमत रुपयांत, आपल्या बापाला परवडेल अशी. सोबत एक ओळ, की ही आवृत्ती ठरावीक देशांतच विकायची. ती ओळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

मराठीतही दराचा विचार झाला. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या ग्रंथाली वाचक चळवळीने सभासद वाचकांपर्यंत कमी किमतीत पुस्तक न्यायचं ठरवलं. प्रकाशनपूर्व सवलत तर आपल्याकडे आजही आहे. पैसे आधी भरा, पुस्तक स्वस्तात घ्या. म्हणजे दर कमी करायचा आणि तो परवडावा म्हणून विक्रीची पद्धतही बदलायची.

मग कॅसेट आली. १९८० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेटची किंमत खाली आणली आणि ती संगीताच्या दुकानाबाहेर काढून किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर नेली. त्या काळातल्या त्यांच्या पद्धतींवर, विशेषतः जुन्या गाण्यांच्या कव्हर व्हर्जनवर, बरेच वाद झाले, ते खरंच आहेत. पण जिथे माणूस रोज जातो तिथेच वस्तू ठेवायची, हा धडा सगळ्यांनी घेतला. १९८३ मध्ये तामिळनाडूतल्या कडलूरहून चिक शॅम्पूची पुडी निघाली. बाटली परवडत नाही ना, मग एका डोक्यापुरता शॅम्पू घ्या.

२००७ च्या सुमारास मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. तेव्हा पायरेटेड सीडीही साधारण त्याच भावात मिळायची. मूळ वस्तू चोरीच्या भावात आली, की गिऱ्हाइकाला चोरीचं कारण उरत नाही, असा तो डाव होता. कंपनी पुढे टिकली नाही, २०१८ मध्ये अवसायनात गेली. डिस्कचं माध्यमच संपत आलं होतं. पण डाव चुकीचा नव्हता.

कुंपण कशाला लागतं

आता एक अडचण. ज्या वस्तूची किंमत इथे कमी आणि तिथे जास्त, ती इथून घेऊन तिथे विकली तर?

म्हणून विकणारा कुंपण घालतो. डीव्हीडीच्या जगात देशांना विभाग क्रमांक दिले होते, भारत पाचव्या विभागात. पहिल्या विभागाची डिस्क पाचव्या विभागाच्या प्लेअरवर चालायची नाही. पुस्तकावर मात्र असं यांत्रिक कुलूप लावता येत नाही, तिथे फक्त ती छापील ओळ.

त्या ओळीची परीक्षा अमेरिकेत झाली. सुपाप कर्टसाँग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता. जॉन वायली प्रकाशनाची परदेशी आवृत्तीतली स्वस्त पुस्तकं त्याच्या घरच्यांनी थायलंडहून पाठवायची आणि त्याने ती अमेरिकेत विकायची. प्रकाशकाने खटला भरला. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. कायदेशीर छापलेली प्रत विकत घेतली, की ती पुन्हा विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ती कुठल्याही देशात छापलेली असो.

विद्यार्थी जिंकला म्हणून टाळ्या वाजवाव्यात, पण थोडा विचार करा. स्वस्त आवृत्ती उलटी श्रीमंत देशात जायला लागली, तर प्रकाशकाला सोपा उपाय कोणता? स्वस्त आवृत्तीच महाग करणं. कुंपण पडलं, की त्याचा भार गरीब देशातल्या वाचकावर यायची भीती असते. हाच प्रसंग दहा वर्षांनी गेमच्या बाजारात घडला. त्याकडे येऊच.

डिजिटल गेमचा फरक इतकाच, की तिथे तुम्ही प्रत घेतच नाही, वापरायचा परवाना घेता. त्यामुळे पुन्हा विकायचा प्रश्न येत नाही आणि कुंपण सॉफ्टवेअरमध्येच बांधता येतं. दुकान तुमचा देश कसा ओळखतं? तुमचा आयपी पत्ता, खात्यावरचा देश आणि कार्डाचे सुरुवातीचे आकडे, ज्यांवरून कार्ड कुठल्या बँकेचं आणि कुठल्या देशाचं ते कळतं. यावरून ठरतं, की तुम्हाला कोणत्या चलनात कोणती किंमत दाखवायची.

डॉलरचा काळ

स्टीम हे गेमचं दुकान २००३ मध्ये सुरू झालं. भारतात रुपयाची किंमत दिसायला २०१५ चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे बारा वर्षं आपल्यासाठी तिथे डॉलर होता.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? शहरात खोक्यातली पीसी गेम साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळायची, म्हणजे वितरकांनी दर इथला ठेवला होता. पण ते खोकं नांदेडच्या पुढे क्वचित यायचं. दर होता, वाट नव्हती. इंटरनेटवर दुकान चोवीस तास उघडं, पण किंमत डॉलरमध्ये. तिथे दरही नाही आणि वाटही नाही. तालुक्याला मग काय मिळायचं? पेन ड्राइव्ह. सायबर कॅफेत गेम कुठून आली हे कुणी विचारत नव्हतं, कारण विचारून उपयोग नव्हता.

हिशेब मांडू. मोठ्या गेमची किंमत ६० डॉलर. २०१५ अखेरीस डॉलर ६६ रुपयांच्या आसपास, म्हणजे ३,९६० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १८१ रुपये होती. म्हणजे एका गेमला जवळपास २२ दिवसांची मजुरी. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, तिथे त्याच गेमला साधारण सव्वाआठ तास. एकीकडे एक दिवस आणि दुसरीकडे महिन्याचे बहुतेक सगळे कामाचे दिवस. मजूर माणूस गेम घ्यायला निघाला होता असं मी म्हणत नाही. दोन ठिकाणच्या घामाची किंमत मोजायला हे माप सोपं आहे, म्हणून घेतलं.

आता वाट बघा. आमच्या घरात एकच डेबिट कार्ड होतं, बाबांचं. ते परदेशी दुकानात चालत नव्हतं. बँकेचं नाव सांगत नाही, कारण मित्रांच्या घरी वेगवेगळ्या बँकांची कार्डं होती आणि कुणाचंच चालत नव्हतं. साध्या डेबिट कार्डांना परदेशी व्यवहाराची सोयच नसायची. क्रेडिट कार्ड असेल तर चालायचं, पण वर परकीय चलनाचा अधिभार. आणि तालुक्याच्या गावात क्रेडिट कार्ड होतंच किती जणांकडे?

दुसरी बाजूही सांगतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी खातरजमा सक्तीची केली. तोच ओटीपी, ज्याला आपण रोज शिव्या घालतो. परदेशी दुकानांची यंत्रणा एका क्लिकवर पैसे कापायच्या हिशेबाने बांधलेली, त्यामुळे दोन्हींचं कधी नीट जमलं नाही. पण या नियमाने आपल्याकडच्या लाखो नवख्या कार्डधारकांचे पैसे वाचवले, हेही तितकंच खरं. वाट बंद ठेवणारं प्रत्येक फाटक दुष्टपणाने लावलेलं नसतं.

उलटं उदाहरणही आहे. मोबाइलच्या बॅलन्समधून पैसे कापणारी वाट २००० च्या दशकातच आली होती. रिंगटोन, कॉलर ट्यून, छोटे जावा गेम. कार्ड नको, बँक नको, वीस रुपयांचं रिचार्ज असलं की झालं. मुखेडसाठी याहून चांगली वाट कोणती? पण ती वाट बदनाम झाली. न मागता सेवा चालू व्हायची, बॅलन्स गायब. शेवटी ट्रायला सांगावं लागलं, की गिऱ्हाइकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय सेवा सुरू करायची नाही. व्ही.पी.पी. चालली कारण मधल्या माणसावर विश्वास होता. इथे मधल्यानेच खिशात हात घातला, असं लोकांना वाटलं. वाट सोपी असणं पुरेसं नाही, ती सरळही असावी लागते.

पुडी, रुपया आणि क्यूआर

२०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत चित्र बदललं.

जुलै २०१५ मध्ये गूगलने भारतातल्या प्ले स्टोअरवर ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. ही शॅम्पूची पुडीच. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपया आला आणि नेटबँकिंगसारखे इथले पर्याय आले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली आणि डिसेंबर संपता संपता भीम ॲप. तेव्हा मी नांदेडला शिकत होतो. नेटबँकिंगने पैसे भरून घेतलेली माझी पहिली गेम त्याच काळातली, आणि वसतिगृहात ती बघायला चार जण जमले होते. "विकत घेतली? खरंच?" असं विचारत.

रुपया आल्यावर सगळ्या गेम स्वस्त झाल्या असं मात्र नाही. स्टीम सुचवतं, किंमत ठरवतो प्रकाशक. काहींनी भारतासाठी खरोखर वेगळा दर लावला, तर काहींनी डॉलरला विनिमय दराने गुणलं आणि पुढे रुपयाचं चिन्ह लावलं. याला मी दर म्हणत नाही, हे नुसतं भाषांतर. प्लेस्टेशन ५ वरच्या सोनीच्या मोठ्या गेम २०२० मध्ये अमेरिकेत ७० डॉलरला आणि भारतात ४,९९९ रुपयांना आल्या. तेव्हाच्या विनिमय दराने बघितलं तर आकडा जवळपास तोच. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राची रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती, म्हणजे तेव्हाही १६ दिवस.

मग कंपनीने किंमत कमी का करावी? उपकार म्हणून नाही. गेमची पहिली प्रत बनवायला कोट्यवधी लागतात, पण पुढची प्रत डाउनलोड करून द्यायला जवळपास काहीच लागत नाही. ४,००० रुपयांना दहा जण घेत असतील आणि १,००० ला शंभर, तर ४० हजार मोठे की एक लाख? व्हॅल्व्हचे गेब नेवेल २०११ पासून सांगत आलेत, की पायरसी हा मुळात सेवेचा प्रश्न आहे. रशियात सगळे चोरूनच खेळतात, तिकडे जाऊच नका, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तिथे नीट सेवा दिली आणि रशिया युरोपातल्या त्यांच्या मोठ्या बाजारांपैकी एक झाला.

व्हिडिओच्या धंद्यात हेच दिसलं. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतासाठी फक्त मोबाइलवर चालणारा १९९ रुपयांचा प्लॅन आणला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ वर आणला. आपल्याकडे स्क्रीन म्हणजे फोन, हे ओळखूनच तो प्लॅन बनवला होता.

मुखेडमध्ये बहुतेक पोरांसाठी गेम म्हणजे फोनवरचीच. पबजी मोबाइल, मग सप्टेंबर २०२० ची बंदी, मग जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय. गेम फुकट, आतल्या वस्तूंना पैसे. तिथेही वाट यूपीआयची किंवा रिचार्जच्या दुकानात मिळणाऱ्या रिडीम कोडची. रोख पैसे द्या, कोड घ्या. म्हणजे फिरून व्ही.पी.पी.च की. पोस्टमनच्या जागी रिचार्जवाला.

वाट पुन्हा अरुंद झाली तेव्हा

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम लागू झाले. आधी कळवा, मोठ्या रकमेला पुन्हा परवानगी घ्या. हेतू चांगला, पण अनेक परदेशी सेवांची तयारी नव्हती आणि वर्गण्या धडाधड अडकल्या. २०२२ मध्ये ॲपलने तर भारतात ॲप स्टोअरसाठी क्रेडिट-डेबिट कार्ड घेणंच थांबवलं. उरलं यूपीआय, नेटबँकिंग आणि आधी भरून ठेवलेला बॅलन्स. गंमत बघा, शहरातला क्रेडिट कार्डवाला अडला आणि यूपीआयवाला निघून गेला. वाटांच्या इतिहासात तालुक्याचं गाव पुढे असायची वेळ क्वचित येते, तेव्हा आली.

दुसरी लढाई दुकानाच्या मालकीची. प्ले स्टोअरवर पैसे घ्यायचे तर गूगलच्याच यंत्रणेतून, ही सक्ती भारतीय स्पर्धा आयोगाला मान्य झाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने ९३६ कोटींचा दंड केला. अपिलात ती रक्कम नंतर बरीच कमी झाली. पण प्रश्न योग्य होता. १०० रुपयांतले १५ ते ३० रुपये दुकान घेणार असेल, तर बनवणारा इथला दर कमी कुठून करणार?

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्स आणि साध्या गेमना परवानगी. पैसे लावायच्या खेळांचे व्यवहार बँकांनी करायचे नाहीत. घराघरांत त्या खेळांनी काय केलं ते आपण पाहिलंय, त्यामुळे कायद्यामागचं दुखणं खरं आहे. पण घरातल्या मोठ्यांना "गेमला पैसे" म्हटलं की दोन्ही एकच वाटतात. पुस्तक विकत घेणं वेगळं आणि मटका लावणं वेगळं, हे समजावायचं काम आता आपल्यावर आलंय.

कुंपण तोडलं की कोण भरतं

आता तो राहिलेला प्रसंग. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात स्टीमवर किमती फार कमी होत्या, कारण तिथलं चलन घसरत होतं. जगभरातले लोक व्हीपीएन लावून त्या देशांचे रहिवासी बनले आणि तिथल्या भावात गेम घ्यायला लागले. २०२१ मध्ये स्टीमने खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असा नियम केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सगळ्या देशांसाठीच्या सुचवलेल्या किमती बदलल्या, बऱ्याच ठिकाणी वर गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिना आणि तुर्कस्तानचं स्थानिक चलन काढून तिथे डॉलर लावला. चलनाच्या सततच्या चढउताराने किंमत ठरवणं अवघड झालंय, असं कारण कंपनीने दिलं. पण आडवाटेने आलेल्या गिऱ्हाइकांमुळे प्रकाशक आधीच वैतागले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

स्वस्तात गेम घेणारा युरोपातला माणूस घरी निवांत राहिला. भरलं कुणी? ब्युनोस आयरेसमधल्या पोराने. एका रात्रीत तो परत डॉलरच्या दुकानापुढे. कलदार मागणाऱ्या दुकानापुढे हाली घेऊन उभा राहिल्यासारखा.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. इथला दर टिकवायचा असेल तर तो इथल्यांनीच वापरावा. भारतीय खात्यातून परदेशातल्या मित्राला स्वस्तात गेम काढून देणं, कुठून आली ते न कळणाऱ्या कोडच्या स्वस्त साइटवर जाणं, यात फायदा एकाचा आणि बिल सगळ्यांचं.

आणि हे फक्त परदेशी कंपन्यांचं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने "राजी" बनवली, २०२० मध्ये ती आली आणि जगभर खेळली गेली. पुण्याच्याच सुपरगेमिंगची "इंडस" २०२४ मध्ये आली. आपल्या भाषेतली, आपल्या मातीतली गेम बनवणाऱ्याला घरचं गिऱ्हाईक मिळणार का, की तोही कायम डॉलरकडे बघत बसणार? पैसे भरायची सवय आणि सोय इथे नसेल, तर मराठी गेम कुणाच्या भरवशावर बनवायची?

मग न्याय्य म्हणजे काय

इतका इतिहास पाहून माझ्या चार कसोट्या ठरल्यात.

एक, दर इथल्या कमाईवरून ठरवा, विनिमय दराच्या गुणाकाराने नाही. ईस्टर्न इकॉनॉमी एडिशन यासाठीच कपाटात आहे.

दोन, लहान पुडी ठेवा. दहा रुपयांची खरेदी करणारा उद्या हजाराची करतो. पण ती पुडी न कळत उघडत राहणारी नको, विशेषतः लहान मुलांच्या हातात.

तीन, वाट गिऱ्हाइकाच्या पायाखालची असावी. यूपीआय आहे, २०२० पासून दरमहाच्या पैशांसाठी यूपीआय ऑटोपे आहे, आणि २०२४ पासून यूपीआय सर्कल आहे, ज्यात घरातला मोठा माणूस मर्यादा घालून दुसऱ्याला आपल्या खात्यातून पैसे भरू देऊ शकतो. बाबांचा फोन मागायची गरज कमी झाली. ज्याच्याकडे हेही नाही त्याच्यासाठी रोख घेऊन कोड देणारं दुकान राहू द्या.

चार, मधला माणूस सरळ असावा. मग तो पोस्टमन असो, बँक असो, मोबाइल कंपनी असो की ॲपचं दुकान.

दर असून वाट नसली, तर खोकं नांदेडलाच अडकतं. वाट असून दर नसला, तर यूपीआयचं ॲप उघडून माणूस नुसता किंमत बघत बसतो. दोन्ही एकत्र आले, तेव्हा लोकांनी पैसे भरले. कॅसेटला भरले, पुस्तकाला भरले, गेमलाही भरतात.

आजचं इथेच थांबवतो. एक काम देतो. घरात, गल्लीत कुणी नव्वदीच्या आसपासचं माणूस असेल तर त्यांना हाली आणि कलदारबद्दल विचारा. बाजारात काय घ्यायला कुठला रुपया लागायचा, बदलून कुठे मिळायचा, बदलताना कोण किती कापायचं. रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तुमच्या गावात गेमचा कोड कुठल्या दुकानात आणि किती जास्त घेऊन मिळतो, तेही कळवा.

भेटू पुढच्या भागात.